टेबलावर परतलेली पाटी

लॅपटॉपला ट्रॅकपॅड का असतो, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रेल्वेच्या सीटवर माऊस फिरवायला जागा नसते, म्हणून कीबोर्डखालच्या चौकोनावर बोट फिरवायचे, इतके ते साधे आहे. पण टेबलावर मोठा कॉम्प्युटर आहे, समोर २७ इंची पडदा आहे, माऊसला हिंडायला हातभर मोकळी जागा आहे. आणि तरीही एखादा माणूस वेगळे पैसे मोजून बिनतारी ट्रॅकपॅड आणतो. जागेच्या टंचाईत वाढलेली ही सपाट पाटी भरपूर जागा असलेल्या टेबलावर कशी पोचली? तिचे कुळ पाहिले की याचा उलगडा होतो, आणि असा पॅड निवडताना नेमके काय तपासायचे, हेही त्याच ओघात कळते.

कथा सुरू होते रडारपासून. पडद्यावर दिसणाऱ्या असंख्य ठिपक्यांपैकी नेमका एक ठिपका यंत्राला कसा दाखवायचा, हा दुसऱ्या महायुद्धानंतर आरमारांपुढचा आणि हवाई वाहतुकीपुढचा रोजचा प्रश्न होता. कॅनडाच्या आरमारासाठी १९५२ च्या सुमारास डाटार नावाची यंत्रणा तयार होत होती. तिच्या अभियंत्यांनी बोलिंगच्या खेळातला चेंडूच खोबणीत बसवला. तळहाताने चेंडू फिरवला की पडद्यावरची खूण सरकायची. हा ट्रॅकबॉलचा एक पूर्वज. ब्रिटनमध्ये माल्व्हर्न इथल्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधल्या एरिक जॉन्सनने वेगळी वाट धरली. पडद्यावर तांब्याच्या बारीक तारा लावाव्यात आणि नियंत्रकाने सरळ त्यांनाच बोट लावावे, अशी कल्पना त्याने १९६५ मध्ये एका छोट्या लेखात मांडली. त्यात फिरणारा, झिजणारा, धुळीने अडणारा भाग एकही नव्हता. बोट टेकल्यावर तारेच्या विद्युतभारात पडणारा फरक तेवढा मोजायचा होता.

पुढची पायरी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत चढली गेली. तिथे सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन हा प्रचंड कणत्वरक उभा राहत होता. एवढे यंत्र चालवायचे, तर नियंत्रण कक्षाच्या भिंती बटणांनी आणि खुंट्यांनी भरून गेल्या असत्या. बेंट स्टुम्पे या डॅनिश अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर उपाय काढला तो पारदर्शक स्पर्शपडद्याचा. काचेवर तांब्याच्या अतिबारीक रेषा होत्या, त्यांतून सोळा बटणे तयार होत, आणि त्या बटणांचा अर्थ कॉम्प्युटर गरजेप्रमाणे बदलत राही. तो कणत्वरक १९७६ मध्ये सुरू झाला, तोच या पडद्यांच्या साथीने.

आजच्या ट्रॅकपॅडच्या पोटात हेच तत्त्व आहे. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पातळ थराखाली आडव्या-उभ्या वाहक पट्ट्यांचे जाळे असते. त्यांच्या प्रत्येक छेदाशी थोडासा विद्युतभार साठतो. आपले शरीर म्हणजे विद्युतदृष्ट्या खारे पाणी; बोट जवळ आले की त्या भारातला थोडा अंश ते ओढून घेते. आतली चिप सेकंदातून अनेकदा सगळे जाळे तपासते, कुठल्या छेदावर किती घट झाली ते पाहते आणि शेजारच्या छेदांच्या आकड्यांवरून बोटाचा मध्य काढते. त्यामुळे पट्ट्यांमधल्या अंतराहूनही बारीक हालचाल तिला कळते. दाबण्याची गरज नसते. पेन्सिलचे टोक किंवा लोकरीचा हातमोजा तिला दिसत नाही, तेही याच कारणाने. पाण्याचा थेंब मात्र कधी कधी बोटासारखा दिसतो.

इथवर बोट पडद्यालाच लागत होते. पडदा एकीकडे आणि बोटाची जागा दुसरीकडे, अशी फारकत झाली तेव्हा खरा ट्रॅकपॅड जन्मला. आणि तो लॅपटॉपमध्ये जन्मला नाही. अमेरिकेतल्या अपोलो कंपनीच्या टेबलावरच्या वर्कस्टेशनांना १९८२ पर्यंत कीबोर्डच्या उजव्या अंगाला स्पर्शाची पट्टी बसलेली होती. म्हणजे ही वस्तू मुळात टेबलावरचीच. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, गॅव्हिलान नावाचा सुमारे चार किलोंचा सुटसुटीत कॉम्प्युटर आला. त्यात कीबोर्ड आणि पडदा यांच्या मधोमध स्पर्शाची पट्टी होती. कॉम्प्युटर काळाच्या पुढचा होता, किंमत त्याहून पुढची, आणि कंपनी लवकरच बुडाली.

सुरुवातीच्या या प्रयत्नांत आणखी एक गोष्ट पक्की व्हायची होती. ब्रिटनच्या सायन कंपनीने १९८९ मध्ये आणलेल्या एमसी मालिकेतल्या लॅपटॉपांवर पॅडचा प्रत्येक बिंदू म्हणजे पडद्याचा एक ठरलेला बिंदू होता. पॅडच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला बोट लावले की बाणही पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. ऐकायला सरळ वाटते. पण तळहाताएवढ्या पॅडवर सगळा पडदा कोंबला की बोट केसभर हलले तरी बाण भरकटतो. उत्तर होते उलट्या हिशेबात: बोट कुठे आहे ते विसरायचे आणि ते किती सरकले एवढेच पाहायचे. बोट उचलून पुन्हा मागे ठेवले तर बाण जागचा हलता कामा नये. शिवाय बोट सावकाश फिरले तर बाणाने इंचभरसुद्धा जाऊ नये, आणि झटक्याने फिरले तर पडदा ओलांडावा. आज २७ इंची पडद्यावर छोटासा पॅड पुरतो तो या वेगाच्या गणितामुळे. दोन पॅडांमध्ये एक 'हाताला बसतो' आणि दुसरा बसत नाही, यामागेही बहुतेक वेळा हेच गणित असते.

हा हिशेब बाजारात रुजवण्याचे बरेचसे श्रेय जॉर्ज गर्फाइड या अमेरिकी संशोधकाला जाते. त्याने १९८८ मध्ये ग्लाइडपॉइंट नावाचे तंत्र तयार केले आणि पुढे युटा राज्यात सर्क ही कंपनी काढली. त्याच सुमारास अॅपलने लॅपटॉपची मांडणीच बदलून टाकली होती. १९९१ च्या पॉवरबुकमध्ये कीबोर्ड पडद्याकडे मागे सरकला, पुढे मनगट टेकायला मोकळी जागा झाली आणि त्या जागेच्या मध्यभागी ट्रॅकबॉल बसला. आज जगातले जवळजवळ सगळे लॅपटॉप याच मांडणीचे आहेत. ट्रॅकबॉलची अडचण अशी, की हाताचा मळ आणि धूळ खाली उतरून रुळांवर बसते, आणि मग बाण अडखळतो. अॅपलने गर्फाइडचे तंत्र परवान्यावर घेतले आणि मे १९९४ मध्ये आलेल्या पॉवरबुक ५०० मालिकेत चेंडूच्या जागी सपाट पॅड दिला. आयबीएमने १९९२ च्या थिंकपॅडवर कीबोर्डच्या मधोमध लाल ठिपक्याची दांडी लावून दुसरा पर्याय उभा केला होता. तिचे भक्त अजूनही आहेत, पण बहुसंख्यांनी पॅड स्वीकारला.

दुसरी शाखा सिलिकॉन व्हॅलीतली. इंटेलच्या ४००४ या पहिल्या बाजारी मायक्रोप्रोसेसरचा शिल्पकार फेदेरिको फाजिन आणि कॅल्टेकचे प्राध्यापक कार्व्हर मीड यांनी १९८६ मध्ये सिनॅप्टिक्स कंपनी काढली, ती मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यासारख्या चिपा बनवण्यासाठी. त्या चिपांना तेव्हा गिऱ्हाईक नव्हते. पण क्षीण विद्युतसंकेतांमधून आकृती ओळखण्याचे कसब हाताशी होते, आणि बोट ओळखणे हे नेमके तेच काम. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून विंडोजच्या लॅपटॉपांमध्ये सिनॅप्टिक्सचे पॅड दिसू लागले आणि कंपनीचे पोट त्यावरच भरले.

एवढे झाले तरी पॅड हा माऊसचा गरीब नातलगच होता. माऊस जे करी तेच तो जरा वाईट रीतीने करी. टेबलाजवळ बसले की लोक पहिल्यांदा माऊस जोडत. हे चित्र पालटले ते आणखी एका शाखेमुळे, आणि तिचा उगम विद्यापीठांत आहे. टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ मध्ये आपल्या प्रबंधासाठी धुरकट काचेचा एक फलक तयार केला. काचेमागचा कॅमेरा बोटांच्या सावल्या टिपायचा. एकाहून अधिक बोटे एकाच वेळी ओळखणारे हे अगदी सुरुवातीचे यंत्र. त्याच विद्यापीठात बिल बक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अनेक बोटे आणि त्यांचा दाब जाणणारी पाटी मांडली.

डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन हा विद्यार्थी हातांच्या दुखण्याने बेजार होता. कीबोर्डच्या कळा दाबणेच त्याला जड जाई. जिथे दाबावेच लागणार नाही, नुसता स्पर्श पुरेल, असा पृष्ठभाग बनवायचा ध्यास त्याने घेतला. मार्गदर्शक जॉन इलायस यांच्याबरोबर त्याने १९९८ मध्ये फिंगरवर्क्स कंपनी काढली, आणि १९९९ च्या त्याच्या प्रबंधात हातांची दहाही बोटे ओळखण्याची, त्यांच्या जुळण्यांना अर्थ देण्याची सगळी मांडणी होती. कंपनीचा आयजेश्चर पॅड हा टेबलावर ठेवायचा सुटा पॅड होता. दोन बोटे सरकवली तर पान सरके. बोटे जवळ आणली, पसरली, फिरवली, तर त्या प्रत्येक हालचालीला वेगळी आज्ञा. घेणारे थोडे होते, त्यांतले बरेच हात दुखणारे. २००५ मध्ये अॅपलने ही कंपनी विकत घेतली. पुढे २००७ मध्ये आलेल्या आयफोनने दोन बोटांची चिमूट जगभर नेली.

इथून पॅडला माऊसहून वेगळे असे काम मिळाले. २००५ च्या पॉवरबुकवर दोन बोटांनी पान सरकवता येऊ लागले. जानेवारी २००८ च्या मॅकबुक एअरवर तीन बोटांच्या खुणा आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅडखालचे बटण गेले, वर काच आली आणि सगळा पॅडच बटण झाला. लोकांच्या बोटांना लॅपटॉपवर या खुणांची सवय जडली, आणि मग टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरसमोर बसले की हात बांधल्यासारखे वाटू लागले. २७ जुलै २०१० रोजी अॅपलने ६९ डॉलरना मॅजिक ट्रॅकपॅड विकायला काढला तो या माणसांसाठी. दोन पेन्सिल सेल, ब्लूटूथ, वर काच. जागा वाचवणे हा त्याचा हेतूच नव्हता.

त्याच्या क्लिकचे बटण तळाच्या रबरी पायांत होते. पॅड दाबला की पाय टेबलावर रेटले जात आणि क्लिक होई. म्हणून जाड टेबलक्लॉथवर किंवा गादीवर तो रुसत असे. ऑक्टोबर २०१५ च्या दुसऱ्या पिढीत पायांतले हे बटणही गेले. सुमारे १६ बाय ११.५ सेंटिमीटरच्या त्या पॅडमध्ये दाब मोजणारे चार संवेदक आहेत, आणि दाब पुरेसा झाला की एक विद्युतचुंबक पृष्ठभागाला बारीकसा धक्का देतो. काच खाली जात नाही, तरी बोटाला ती खचल्याचा भास होतो. पॅड बंद असताना दाबून पाहिले की फसवणूक उघडी पडते: काहीच हलत नाही. फायदा असा, की वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत कुठेही दाबले तरी क्लिक सारखाच लागतो, आणि किती जोर लावायचा ते सेटिंगमध्ये ठरवता येते. सेलऐवजी आत बॅटरी आली; तिचे चार्जिंग, कंपनीच्या म्हणण्यानुसार, सुमारे महिनाभर पुरते. चार्जिंगची खाच मागच्या कडेला असल्याने तार लावलेली असतानाही काम चालू राहते.

विंडोजच्या घराण्यात मात्र हे इतके सरळ झाले नाही, आणि निवड करणाऱ्याने थांबून पाहावे अशी जागा हीच. अॅपल पॅडही बनवते आणि त्याचा अर्थ लावणारी प्रणालीही. विंडोजमध्ये पॅड बनवणारा एक, कॉम्प्युटर बनवणारा दुसरा, प्रणाली तिसऱ्याची. बरीच वर्षे पॅड विंडोजला 'मी माऊस आहे' असेच सांगत असे, आणि बोटांच्या खुणा पॅडवाल्या कंपनीचे ड्रायव्हर आपापल्या परीने हाताळत. एका लॅपटॉपवरची दोन बोटे दुसऱ्यावर चालत नसत. विंडोज ८ च्या निमित्ताने २०१२ मध्ये लॉजिटेकने टी६५० हा काचेचा सुंदर बिनतारी पॅड टेबलासाठी आणला. पण त्याचे गुण कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून होते, आणि काही वर्षांत तो बंद झाला. २०१३ मध्ये विंडोज ८.१ बरोबर मायक्रोसॉफ्टने प्रिसिजन टचपॅड हे मानक आणले. त्यात पॅडने फक्त बोटे कुठे आहेत तेवढे कळवायचे. त्यांचा अर्थ विंडोज स्वतः लावणार.

या इतिहासातून एक गोष्ट ठळक होते. पॅडची पाटी म्हणजे नुसते जाळे. शहाणपण दुसरीकडे, सॉफ्टवेअरमध्ये असते. म्हणून निवड काचेपासून सुरू करू नये, कॉम्प्युटरच्या प्रणालीपासून करावी. मॅक असेल तर प्रश्न सोपा आहे, खर्चाचा आहे. विंडोज असेल तर खोक्यावर 'प्रिसिजन टचपॅड' लिहिले आहे का ते पाहावे. अनेक स्वस्त पॅड 'तीन बोटांच्या खुणा चालतात' असे सांगतात, पण आतून ते त्या खुणेचे कीबोर्डच्या एखाद्या शॉर्टकटमध्ये रूपांतर करून पाठवतात; मग पान बोटाबरोबर सरकण्याऐवजी टप्प्याटप्प्याने उड्या मारते. विंडोज १० मध्ये खातरजमा करता येते: पॅड जोडल्यावर सेटिंगमधल्या टचपॅडच्या पानावर तो प्रिसिजन असल्याचा उल्लेख दिसतो. अॅपलचा पॅड विंडोजला जोडला तर तो वेगळ्या ड्रायव्हरशिवाय आपले गुण दाखवत नाही. लिनक्समध्ये त्याचा आधार गाभ्यातच आहे, त्यामुळे दोन बोटांचे सरकवणे तिथे विनासायास चालते.

दुसरा प्रश्न तारेविना जोडणीचा. ब्लूटूथची सुरुवात स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत झाली, आणि १९९८ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून त्याचे मानक हाती घेतले. ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरचे बहुतेक पॅडही त्याच पट्ट्यात. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये ब्लूटूथ असेलच असे नाही, हे आधी तपासावे. रिसीव्हरचा पॅड असेल तर वेगळाच घोळ होऊ शकतो: चालू असलेले यूएसबी ३ चे उपकरण याच पट्ट्यात गोंगाट करते, त्यामुळे लोखंडी कॅबिनेटच्या मागे, बाहेरच्या हार्ड डिस्कशेजारी खोचलेला रिसीव्हर अडखळतो. छोट्या एक्स्टेन्शन केबलने तो टेबलावर आणला की बाण सुरळीत होतो. ब्लूटूथचा पॅड विंडोज पूर्ण सुरू होईपर्यंत सहसा जागा होत नाही, म्हणून अडीअडचणीला तारेचा एक स्वस्त माऊस घरात असावा.

आपल्याकडच्या घरांचाही विचार करायला हवा. अर्थिंग नीट नसलेल्या प्लगवर, दोन पिनांच्या स्वस्त चार्जरने पॅड चार्ज करत काम केले, तर चार्जरचा गोंगाट बोटाच्या संकेतात मिसळतो आणि बाण थरथरतो. तार काढली की थांबला, तर दोष पॅडचा नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामेजलेले बोट गुळगुळीत प्लास्टिकवर अडकत अडकत चालते. बारीक खरखरीत केलेली काच तिथे बरी पडते. हात आणि पाटी कोरड्या फडक्याने पुसणे हा उपाय कुठल्याही मॉडेलला लागू आहे.

शेवटचा प्रश्न कामाचा. लांबलचक कागदपत्रे वाचणे, हिशेबाची आडवी-उभी पाने सरकवणे, नकाशा जवळ आणणे, एका वेळी अनेक खिडक्या हाताळणे, यांत पॅड सरस ठरतो. वस्तू धरून लांब ओढत नेणे, पानाच्या मांडणीत चौकट नेमकी बसवणे, चित्रातल्या वक्ररेषेचा एखादा बिंदू पकडणे, आणि खेळ खेळणे, यांत माऊसला तोड नाही. मनगटाच्या दुखण्यावर पॅड हे हमखास औषधही नाही. काहींना आराम पडतो, काहींचे दुखणे मनगटातून बोटांत उतरते.

पण माऊस की पॅड, असे भांडण लावण्याची गरज नाही, हे माऊसच्या जनकानेच दाखवून ठेवले आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्टने माऊसचे ते प्रसिद्ध प्रात्यक्षिक केले, तेव्हा उजव्या हातात माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांची एक पट्टी. कळा जुळणीने दाबून तो डाव्या हाताने आज्ञा देत होता. माऊस जगभर गेला, पट्टी मागे पडली, आणि डावा हात अर्धा रिकामा राहिला. मॅक, विंडोज आणि लिनक्स, तिन्ही प्रणाली माऊस आणि पॅड एकाच वेळी चालू देतात. उजवीकडे माऊस नेमक्या कामासाठी आणि डावीकडे पॅड पाने सरकवायला, चित्र लहान-मोठे करायला, खिडक्या बदलायला, अशी मांडणी टेबलावर सहज होते. ती करायची असेल तर फार मोठा, महागडा पॅडही लागत नाही. प्रणालीशी जमणारा मध्यम आकाराचा पुरतो, आणि डाव्या हाताला सवय व्हायला जो थोडा वेळ लागेल तो द्यावा.